विमान पन्नास मिनिटांचे, प्रवास साडेपाच तासांचा

नागपूरच्या सोनेगाव विमानतळापासून मुंबईच्या सहार विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे 680 किलोमीटर भरते. एअरबस 320 किंवा बोइंग 737 जातीचे विमान एकदा उंची गाठल्यावर ताशी 830 किलोमीटरच्या आसपास उडते. त्या हिशेबाने हे अंतर पन्नास मिनिटांचे. विमान कंपनीच्या वेळापत्रकात मात्र याच प्रवासाला दीड तास किंवा त्याहून पाच-दहा मिनिटे जास्त दाखवलेली असतात. आणि धरमपेठेतल्या घराला कुलूप लावून निघालेला माणूस फोर्टातल्या कचेरीत पोहोचेपर्यंत साडेपाच तास सहज जातात. तिन्ही आकडे खरे आहेत. प्रश्न असा, की यातला कोणता आकडा धरून आपण विमानतळ बांधतो, अनुदाने देतो आणि अमुक शहर आता मुंबईपासून तासाभरावर आले असे व्यासपीठावरून सांगतो? नेहमी पहिला, फार तर दुसरा. माझे म्हणणे असे, की सार्वजनिक धोरणासाठी यातला तिसराच आकडा कामाचा आहे. तो अधिकृतपणे मोजून लोकांसमोर ठेवला जात नाही, म्हणून विमानसेवेवरचा आपला पैसा आणि लक्ष दोन्ही चुकीच्या जागी जाते.

आधी अंतराचे बघू. दोन विमानतळांमधले अंतर सांगताना पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून जाणारी सर्वांत जवळची वाट धरतात. मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेले विमान सपाट नकाशावर उत्तरेकडे वाकलेले दिसते ते याच कारणाने. मुंबई-नागपूर एवढ्या टप्प्यात हा वाक नगण्य आहे. तरी त्याच दोन शहरांमधली इतर अंतरे शेजारी ठेवली की एक गोष्ट लक्षात येते. भुसावळ, अकोल्यावरून जाणारा लोहमार्ग 837 किलोमीटरचा आहे. समृद्धी महामार्ग नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत 701 किलोमीटरचा. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला. म्हणजे हवाई वाट आणि समृद्धी यांच्या लांबीत फरक जेमतेम वीस किलोमीटरचा, त्यात आमणे ते मुंबई धरले तरी फार नाही. विमान जवळच्या वाटेने जाते म्हणून लवकर पोहोचते, हे खरे नाही. त्याची सारी मातब्बरी वेगात आहे. तो वेग जमिनीवर किती उरतो, ते पाहिल्याशिवाय अंतराच्या आकड्याला अर्थ नाही.

पन्नास मिनिटांचा दीड तास का होतो, याची कारणे काही आकाशात आहेत, काही धावपट्टीवर. वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला जागेवर थांबेपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, चढणे, उतरणे, विमानांच्या रांगेत आपला क्रमांक येईपर्यंत थांबणे हे सगळे येते. आपल्या देशात आणखी एक अडचण म्हणजे आकाशाचा मोठा भाग लष्करासाठी राखीव आहे. मे 2020 मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी स्वतःच सांगितले होते, की नागरी विमानांना जेमतेम 60 टक्के आकाश मोकळेपणाने मिळते आणि ही बंधने सैल केली तर विमान क्षेत्राचे वर्षाला सुमारे 1000 कोटी रुपये वाचतील. आकाश बंद झाले की काय होते, हे एप्रिल 2025 पासून दिल्लीहून पश्चिमेकडे जाणारे प्रवासी अनुभवत आहेत. पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली आणि युरोप-अमेरिकेचे अंतर एका इंचानेही न वाढता प्रवास लांबला.

मुंबईची अडचण मात्र आकाशापेक्षा जमिनीची आहे. इथे धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. एवढ्या सामग्रीवर 11 नोव्हेंबर 2023 या एका दिवसात 1032 विमानांची ये-जा झाली. याचे कौतुक जरूर व्हावे. पण त्याची किंमत काय होती, ते फेब्रुवारी 2024 मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्याच निवेदनातून पुढे आले. मुंबईवर विमानांना 40 ते 60 मिनिटे घिरट्या घालाव्या लागत होत्या, आणि चाळीस मिनिटांच्या घिरट्यांत 1.7 किलोलिटर, म्हणजे सुमारे 1.8 लाख रुपयांचे इंधन जळत होते. म्हणून गर्दीच्या वेळी तासाला 46 ऐवजी 44 आणि इतर वेळी 44 ऐवजी 42 उड्डाणे-अवतरणे अशी मर्यादा घालण्यात आली. नागपूरहून मुंबईपर्यंत येण्याला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ मुंबईच्या डोक्यावर फिरण्यात जात होता, हे सरकारी कागदावर आहे. कंपन्या यावर आपापला उपाय करतात: वेळापत्रकातच दहा-वीस मिनिटे जास्तीची टाकून ठेवतात. त्यामुळे विमान ‘वेळेवर’ आले असे जाहीर होते, वेळेवर येण्याची टक्केवारी सुधारते आणि प्रवाशाचा वेळ मात्र तेवढाच खर्ची पडतो. दरमहा प्रसिद्ध होणारी ही टक्केवारीही मुख्यतः महानगरांच्या विमानतळांची असते. जळगाव, नांदेड, कोल्हापूरच्या प्रवाशाला तिच्यातून काहीच कळत नाही.

तरीही ही सारी वजाबाकी लहान आहे. खरा वेळ जातो तो विमानाच्या बाहेर. नागपूरचेच उदाहरण नीट मांडू. घरून सोनेगाव अर्धा तास. देशांतर्गत विमानाचा सामान घेण्याचा काउंटर उड्डाणाच्या 60 मिनिटे आधी बंद होतो, म्हणून शहाणा माणूस दोन तास आधी पोहोचतो. मग वेळापत्रकातला एक तास पस्तीस मिनिटे. उतरून, पट्ट्यावरून बॅग घेऊन बाहेर पडायला पस्तीस मिनिटे. तिथून फोर्टला, मेट्रोने गेले तरी चालणे धरून पन्नास मिनिटे. बेरीज साडेपाच तास. 680 किलोमीटरला साडेपाच तास म्हणजे सरासरी वेग ताशी 124 किलोमीटर. समृद्धीवर मोटारींना असलेली वेगमर्यादा ताशी 120 आहे. विमान पूर्ण वेगाने उडते तो काळ या प्रवासाच्या सहाव्या हिस्स्याहूनही कमी आहे, आणि नुसते विमानतळावर थांबण्यातच उड्डाणापेक्षा जास्त वेळ जातो.

हेच गणित कोल्हापूरला लावले तर ते आणखी बोलके होते. उजळाईवाडी ते मुंबई हवाई अंतर 310 किलोमीटरच्या आसपास, उड्डाण तासाभराचे. छोटा विमानतळ म्हणून थांबण्याचा वेळ दीड तास धरा, घरून विमानतळ अर्धा तास, मुंबईतले तेच दीड तास. एकूण साडेचार तास, म्हणजे सरासरी ताशी 70 किलोमीटरपेक्षाही कमी. दिल्लीला मुंबईहून 1140 किलोमीटर जाताना हीच सरासरी 175 च्या घरात जाते. अंतर तिपटी-चौपटीने वाढले तरी जमिनीवरचा वेळ जवळपास तेवढाच, साडेतीन-चार तासांचा राहतो. म्हणून प्रवास जितका लहान तितके विमान संथ. यातून निघणारा निष्कर्ष धोरणासाठी फार महत्त्वाचा आहे. महाराष्ट्राच्या आतल्या विमानप्रवासात वेळ वाचवायचा असेल तर आकाशात वाचवण्यासारखे फार काही उरलेले नाही. कोल्हापूरच्या उड्डाणाचा वेळ निम्मा केला, जे कोणत्याही प्रवासी विमानाला शक्य नाही, तरी अर्धाच तास वाचेल. जमिनीवर एक बस, एक मेट्रो, एक सुटसुटीत तपासणीची रांग तेवढाच वेळ वाचवू शकते, आणि तोही दिवसभरातल्या प्रत्येक विमानाच्या प्रत्येक प्रवाशाचा.

याचा पुरावा मुंबईत डोळ्यांसमोर आहे. मेट्रो 3 ऑक्टोबर 2024 पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि ऑक्टोबर 2025 मध्ये कफ परेडपर्यंत पोहोचली. तिच्यावर दोन्ही टर्मिनलांची स्थानके आहेत आणि हुतात्मा चौकाचेही. सहारहून फोर्टला टॅक्सीने कामाच्या वेळेत दीड तास लागणे नवलाचे नव्हते, आणि पावसात तर त्याचा काही भरवसाच नसे. आता तो प्रवास मेट्रोत पाऊण तासाच्या आत-बाहेर होतो आणि मुख्य म्हणजे रोज तेवढाच लागतो. नागपूर, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, जिथून कुठून विमान मुंबईला येते त्या प्रत्येक शहराचे दक्षिण मुंबईपासूनचे अंतर या एका मार्गाने कमी झाले. एकाही विमानाचा वेग त्यासाठी वाढवावा लागला नाही. पण मेट्रोचा हिशेब मांडताना ही बचत कोणी विमानसेवेच्या खात्यात जमा केली नाही, कारण दोन्ही खाती वेगळी, मंत्रालये वेगळी आणि फायली वेगळ्या.

वेळेचा आणखी एक पैलू आहे. तो किलोमीटरमध्ये दिसत नाही, मिनिटांतही नाही: विमान दिवसात केव्हा सुटते आणि आठवड्यातून किती वेळा. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल 2025 मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली. विदर्भातल्या लोकांनी अनेक वर्षे वाट पाहिलेली ही गोष्ट. सुरुवातीचे वेळापत्रक असे होते: आठवड्यातून तीन दिवस, मुंबईहून दुपारी निघून सव्वाचारच्या सुमारास अमरावतीला, आणि तिथून लगेच परत, संध्याकाळी सहानंतर मुंबईत. प्रवास पावणेदोन तासांचा. आता मंत्रालयात काम असलेला अमरावतीकर डोळ्यांपुढे आणा. सोमवारी संध्याकाळी तो मुंबईत पोहोचणार, तेव्हा सर्व कचेऱ्या बंद. मंगळवारी काम, बुधवारी दुपारी परत. दोन रात्री मुंबईत मुक्काम, हॉटेलचा खर्च, आणि पावणेदोन तासांच्या विमानासाठी दोन दिवस पूर्ण मोडलेले. याउलट अमरावती एक्सप्रेस ही रेल्वेगाडी संध्याकाळी निघते आणि सकाळी मुंबईत सीएसएमटीला सोडते. माणूस रात्री बर्थवर झोपतो, दिवसा काम करतो, त्याच संध्याकाळी परतीची गाडी धरतो. घड्याळाने दहा-अकरा तास लागणारी रेल्वे त्याच्या कामाच्या दिवसातला एक तासही खात नाही. हे ज्याला समजते तो विमानाकडे पाठ फिरवतो, आणि मग प्रवासीच नाहीत म्हणून सेवा तोट्यात असल्याचे सांगितले जाते.

सकाळची वेळ का मिळत नाही, याचे कारण पुन्हा मुंबईच्या धावपट्टीत आहे. सत्तर आसनी एटीआर विमान आणि दोनशे-तीनशे आसनांचे मोठे विमान, दोघांनाही धावपट्टीवर एकच जागा लागते. गर्दीच्या वेळेतली ती जागा कंपनी दिल्ली किंवा दुबईच्या विमानाला देणार, अमरावतीच्या किंवा नांदेडच्या नाही. व्यापारी दृष्टीने ते बरोबरच आहे. पण याचा अर्थ असा, की जिल्ह्याच्या गावातला विमानतळ उपयोगी ठरेल की नाही हे त्या गावात ठरत नाही, मुंबईत ठरते. विमानतळ बांधून धावपट्टी लांब करणे हा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा म्हणजे सकाळी आठ-नऊच्या आधी मुंबईत उतरण्याचा आणि संध्याकाळी सातनंतर निघण्याचा हक्क. तो मागण्यासाठी महाराष्ट्राचे लोकप्रतिनिधी विमानतळाच्या मागणीइतक्या जोराने भांडताना दिसत नाहीत, आणि मला ही खरी हानी वाटते.

केंद्राच्या उडान योजनेने जे शिकवले तेही हेच सांगते. एप्रिल 2017 मध्ये या योजनेची पहिली उड्डाणे झाली, त्यात नांदेड-हैदराबाद होते. सुमारे 500 किलोमीटरच्या, तासाभराच्या उड्डाणाला 2500 रुपये ही कल्पना चांगली होती. सामान्य माणसाला विमानात बसवण्याची तिची इच्छाही खरी होती. पण महालेखापरीक्षकांनी 2023 मध्ये दिलेल्या अहवालानुसार, योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या 774 मार्गांपैकी 403 सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या 371 पैकी फक्त 112 मार्गांनी तीन वर्षांची सवलतीची मुदत पूर्ण केली, आणि त्यानंतर मार्च 2023 पर्यंत चालू राहिले ते 54. प्रत्येक मार्गाचे अपयश वेगळे असेल: विमाने नव्हती, विमानतळ तयार नव्हते, काही कंपन्या बुडाल्या. तरी योजनेच्या आखणीतच एक उणीव होती. दर ठरवला तो आकाशातल्या तासाचा आणि किलोमीटरचा. त्या तासाने प्रवाशाचा दिवस वाचतो की मोडतो, हा प्रश्न मार्ग मंजूर करताना निर्णायक धरला गेला नाही. स्वस्त तिकीट हा दिवसातून एकदा, अवेळी सुटणाऱ्या विमानाला पर्याय नाही.

सरकारची स्वतःची मापेही स्थिर नाहीत. मे 2020 मध्ये टाळेबंदीनंतर विमाने पुन्हा सुरू झाली तेव्हा भाड्याची मर्यादा उड्डाणाच्या मिनिटांवर ठरली होती: चाळीस मिनिटांपर्यंत, चाळीस ते साठ, असे सात गट. दिल्ली-मुंबई तेव्हा 90 ते 120 मिनिटांच्या गटात घातली गेली, आणि भाडे किमान 3500, कमाल 10000. कंपन्यांची वेळापत्रके त्याच मार्गाला दोन तासांहून जास्त दाखवत होती. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची उड्डाणे कोलमडून भाडी आभाळाला भिडली तेव्हा मर्यादा पुन्हा आली, पण या वेळी किलोमीटरवर: 500 पर्यंत 7500 रुपये, 500 ते 1000 पर्यंत 12000, 1000 ते 1500 पर्यंत 15000, त्यापुढे 18000. एकाच मंत्रालयाने साडेपाच वर्षांत दोन वेगळे गज वापरले, आणि दोन्ही आकाशातलेच. दर ठरवताना असे माप चालेल, कारण इंधन आकाशातच जळते. पण सेवा कशी आहे, विमानतळ कुठे बांधावा, कोणत्या मार्गाला मदत द्यावी, हे ठरवताना ते चालत नाही.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल, की घर ते काम हा वेळ माणसागणिक बदलतो. कोणी विमानतळाशेजारी राहतो, कोणी तीस किलोमीटरवर. मग मोजायचे काय? आक्षेप रास्त आहे, पण अडचण मोठी नाही. शहरातले एक-दोन ठरावीक बिंदू धरावेत: मध्यवर्ती बसस्थानक, मुख्य रेल्वे स्थानक, जिल्हाधिकारी कार्यालय. तिथून सार्वजनिक वाहनाने विमानतळ किती वेळात, पहिले वाहन किती वाजता, शेवटचे किती वाजता. विमानतळाच्या दारापासून विमानात बसेपर्यंत गर्दीच्या वेळी सरासरी किती मिनिटे. उतरल्यावर सामान हाती पडेपर्यंत किती. यातली बहुतेक माहिती विमानतळ चालवणाऱ्यांकडे आजही गोळा होते. ती एकत्र करून मार्गवार प्रसिद्ध करणे एवढेच काम आहे. सरासरी कधीच प्रत्येकाची नसते, तरी आपण पावसाची सरासरी काढतोच आणि तिच्यावर धरणे बांधतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. मोठ्या विमानतळाला हजार-दीड हजार हेक्टर जमीन लागते, ती शहराच्या पोटात मिळणार नाही. त्यामुळे विमानतळ लांब जाणारच. मान्य. पण विमानतळ लांब असणे आणि पोहोचायला वेळ लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हाँगकाँगने जुना काई टाक विमानतळ सोडून चेक लॅप कॉकचा नवा विमानतळ 6 जुलै 1998 रोजी सुरू केला. त्याच दिवशी तिथून शहराच्या मध्यापर्यंत जलद रेल्वे धावू लागली. पस्तीसेक किलोमीटरचा तो प्रवास चोवीस मिनिटांचा. विमानतळ आणि रेल्वे ही दोन वेगळी कामे नव्हती, एकच काम होते. बेंगळुरूने मे 2008 मध्ये देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू केला आणि त्या विमानतळापर्यंतच्या मेट्रोच्या बांधकामाला हात लागायलाच दशकाहून जास्त काळ गेला. पुणे-बेंगळुरू हे उड्डाण दीड तासाच्या आसपासचे. पण तिथे नोकरी करणारी हजारो मराठी मुले सांगतील, की देवनहळ्ळीहून शहराच्या दक्षिण टोकाला जायला संध्याकाळी त्याहून जास्त वेळ लागू शकतो.

नवी मुंबईचा विमानतळ या दोन उदाहरणांच्या मधोमध उभा आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये उद्घाटन झाले, 25 डिसेंबरपासून विमाने उडू लागली. अटल सेतू जवळ आहे, नेरूळ-उरण लोहमार्ग शेजारून जातो, हे सुदैव. पण मुंबईचा आणि नवी मुंबईचा विमानतळ जोडणारी मेट्रो अजून धावायची आहे. या दोन विमानतळांमधले अंतर सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटर असेल. नागपूरहून नवी मुंबईला उतरून सहारहून परदेशी विमान पकडायचे असेल तर या पंचवीस किलोमीटरसाठी नागपूर-मुंबई उड्डाणाहून जास्त वेळ हाताशी ठेवावा लागेल, आणि आजी-आजोबांना मुलाकडे अमेरिकेला पाठवताना दोन मोठ्या बॅगांसह ही अदलाबदल करायची आहे. गोव्यातही दाभोळी आणि मोपा या दोन विमानतळांमध्ये सरळ रेषेत चाळीस किलोमीटर आहेत. मडगावच्या माणसाला तिकीट काढताना स्वस्त भाड्याआधी विमान कुठे उतरते ते पाहावे लागते. शहराला दुसरा विमानतळ मिळणे ही भाग्याची गोष्ट, पण दोघांमधली वाट तयार नसेल तर प्रवाशाच्या दृष्टीने ती एकाच नावाची दोन वेगळी गावे ठरतात.

तिसरा आक्षेप: समृद्धी झाली, रेल्वे आहेत, मग एवढ्या लहान अंतराला विमाने हवीतच कशाला? हा आक्षेप खरे तर माझ्याच बाजूचा पुरावा आहे. फ्रान्सने 2023 मध्ये देशातल्या काही लहान मार्गांवरची विमाने बंद केली. पॅरिसच्या ऑर्लीहून बोर्डो, नाँत आणि लियाँ. निकष किलोमीटरचा नव्हता. अडीच तासांच्या आत पोहोचवणारी पुरेशी रेल्वे असेल तिथे विमान नको, असा होता. प्रवासाचा वेळ हे माप धरले की विमान, रेल्वे आणि रस्ता एका तराजूत बसतात, आणि कुठे कशावर खर्च करायचा ते निर्विवाद नाही तरी प्रामाणिकपणे ठरवता येते. त्या मापाने एखाद्या गावी विमानतळाऐवजी रात्रीच्या गाडीला दोन जास्तीचे डबे हेच उत्तर निघेल, तर ते स्वीकारायला हवे. गोंदिया, लातूर, रत्नागिरी, जिथे जिथे विमानाची मागणी आहे तिथे हा हिशेब आधी मांडावा.

आणि विमान हे श्रीमंतांचे वाहन, त्यांच्या तासाभराची काळजी कशाला, असे म्हणणाऱ्यांनाही उत्तर द्यायला हवे. उडानचा निधी इतर मार्गांवरच्या विमानांवर बसवलेल्या आकारातून येतो आणि तो शेवटी प्रवाशांच्याच तिकिटातून वसूल होतो. विमानतळाची जमीन शेतकऱ्याची असते. राज्य सरकार आपला महसूल सोडते, रस्ते बांधते. एवढा सगळ्यांचा वाटा असलेल्या गोष्टीचा उपयोग किती, हे विचारण्याचा अधिकार विमानात कधी न बसलेल्यालाही आहे. उलट ज्याला टॅक्सीचे हजार रुपये परवडत नाहीत त्यालाच विमानतळापर्यंत बस नसण्याचा सर्वांत मोठा फटका बसतो. कर्करोगावर उपचार घ्यायला परळच्या रुग्णालयात येणारे कुटुंब एकदा जुळवाजुळव करून विमानाचे तिकीट काढते. त्याच्यासाठी उतरल्यानंतरचे दोन तास हा प्रवासातला सर्वांत कठीण भाग असतो.

आता पुरंदरच्या विमानतळासाठी सात गावांची जमीन घ्यायची आहे. पुण्याला स्वतंत्र विमानतळ हवा, याबद्दल दुमत नसावे. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे आणि तिथली गर्दी सर्वांना ठाऊक आहे. पण जमिनीचा मोबदला ठरवतानाच शिवाजीनगर, पिंपरी आणि सोलापूर रस्त्यावरून पुरंदरला किती मिनिटांत पोहोचता येईल, ते कशाने आणि कोणत्या वर्षापासून, हे लेखी जाहीर व्हायला हवे. विमानतळाचे आणि त्या मार्गाचे उद्घाटन एकाच दिवशी होणार नसेल तर विमानतळ अपुरा आहे असे मानावे. मुंबई आणि नवी मुंबईच्या धावपट्ट्यांवर सकाळी आणि संध्याकाळी राज्यातल्या जिल्ह्यांसाठी काही जागा राखून ठेवाव्यात. नवी मुंबईमुळे आता ही सोय करता येण्यासारखी आहे. मोठ्या मार्गांनी त्या जागा एकदा भरल्या की परत मिळणार नाहीत. आणि वाचकांना एक विनंती. तुमच्या गावी पुढच्या वेळी विमानतळाचे किंवा नव्या विमानाचे उद्घाटन होईल, तेव्हा खासदारांना आणि पालकमंत्र्यांना उड्डाण किती मिनिटांचे हे विचारू नका. विमान आठवड्यातून किती दिवस आणि किती वाजता, मुंबईत कामाला सुरुवात होण्याआधी पोहोचते का, आणि बसस्थानकावरून विमानतळाला जाणारी पहिली बस कितीची, एवढे विचारा. उत्तर लेखी मागा.